बगदादमध्ये बर्फ पडेपर्यंत

३ जानेवारी २००८, गुरुवार

व्हिसा आला!

गझवानने फाटकाबाहेर उभं राहूनच सांगितलं. मी आत, तो बाहेर. फाटक उघडंच असतं, पण उंबरा आहे ना मध्ये. "यम्मा, दमास्कसचं काम झालं. एकोणीस तारखेची बस." मी म्हटलं, "बरं झालं रे, सुटलास एकदाचा." आणि डोल्म्याचं, भात भरलेल्या भाज्यांचं, पातेलं त्याच्या हातात दिलं. भरलेले कांदे खालच्या थरात आहेत, इस्राला आवडतात — एवढंच सुचलं सांगायला. पोटचा पोरगा देश सोडून चाललाय आणि मी सुनेला कांद्याचा निरोप देतेय!

बरंच झालं म्हणायचं. दोन वर्षं झाली, सकाळी उठल्या उठल्या पहिला फोन त्याला करते. जिवंत आहेस ना, एवढंच विचारायला. आता बायको-पोरीला घेऊन कुठेतरी शांत जागी जाईल. मला आनंद व्हायला हवा. झालाय. पण जाण्याआधी एकदा, फक्त एकदा, त्याने या घरात बसून जेवावं. बाकी काही नको मला. ते मात्र होणार नाही. का, तर बापाने शपथ घातलीय.

हे आतल्या खोलीत होते. गझवान आला की यांना बरोबर त्याच वेळी आतल्या खोलीत काहीतरी काम निघतं. दर गुरुवारी. साडेतीन वर्षं.

५ जानेवारी, शनिवार

रॉकेल मिळालं नाही. दोन घोंगड्या घेऊन बसलेय. ती शपथ एकदा लिहूनच काढते, म्हणजे डोक्यातून तरी जाईल.

२००४चा ऑगस्ट. पन्नास डिग्री. वीज दिवसातून दोन तास, तीही मेहेरबानी केल्यासारखी. हे इस्पितळात, पित्ताचे खडे काढले होते. आणि अंगणात यांची ती गाडी — ब्राझीलची, पांढरी, ब्याऐंशी सालची. दर शुक्रवारी स्वतःच्या हाताने धुवायचे. मला कधी तिचं दार जोरात लावू दिलं नाही. गझवानने काय करावं? बाप टाके घेऊन या भट्टीत घरी येणार, जखम पिकेल, म्हणून गाडी देऊन टाकली आणि बदल्यात जनरेटर आणला. बापाला विचारलं नाही. मला विचारलं होतं. मी म्हटलं, आण. (हे यांना आजतागायत ठाऊक नाही. कागदा, तूही तोंड बंद ठेव.)

हे घरी आले. गाडीची जागा रिकामी, आणि तिथे ते पिवळं धूड धडधडतंय. भर दुपार. शेजारच्या गच्चीवर सबाह कबुतरं उडवत होता. माझी नणंद हाज्जा बद्रिया भावाला बघायला म्हणून आलेली, दारातच उभी. दोघांच्या देखत हे ओरडले — "बगदादमध्ये बर्फ पडेपर्यंत हा पोरगा या उंबऱ्याच्या आत आला, तर माझ्या बायकोला तीन तलाक!"

घ्या! गाडी पोराने दिली, राग यांना आला आणि तलाक मला! आमच्याकडचे पुरुष हे असे. भाजीवाल्याशी वाजलं तरी शपथ बायकोच्या तलाकची. आणि शपथेला धरलं काय, तर बर्फ! बगदादमध्ये! माझ्या आजीच्या आजीनेही कधी बघितला नाही. उन्हाने डोकं तापलं होतं म्हणून तेवढंच आठवलं असेल.

गझवान म्हणतो, "यम्मा, कायद्यात असली शपथ धरत नाहीत." मी म्हटलं, "कायदा झोपतो का माझ्या शेजारी?" मशिदीतल्या शेखना विचारावं असं शंभरदा मनात आलं. पण विचारलं आणि ते म्हणाले, शपथ पक्की आहे, तर? मग आशाच संपली. आज निदान उंबऱ्यापर्यंत येतो. यांच्यापाशीही विषय काढत नाही. एक शब्द वाकडा गेला आणि आणखी एखादी शपथ घातली, तर मी कुठे जाऊ?

आणि गाडीचं मीच हो म्हटलं होतं. कोणत्या तोंडाने विचारू?

७ जानेवारी, सोमवार

रेडिओवर हवामान लागलं की हे घरात सगळ्यांना गप्प करतात. सगळे म्हणजे मी.

८ जानेवारी, मंगळवार

हाज्जा बद्रिया आली होती. तिला मी व्हिसाचं सांगितलं. ती यांच्यासमोरच बसली आणि म्हणाली, "अरे, पोरगा चाललाय. माझ्या घरी बोलावते त्याला, तुम्ही दोघंही या. शपथ तुझ्या उंबऱ्याची आहे, माझ्या नाही."

हे म्हणाले, "माझ्या मुलाला जेवायला घालायला मला दुसऱ्याचं घर लागतं का? मी काय रस्त्यावर पडलोय?"

"मग घाल की आपल्या घरी!"

हे रेडिओची बटणं पिळायला लागले.

बद्रिया कसली ऐकते! "मी कारखान्यातून बर्फाची लादी आणते, सबाहच्या गच्चीवरून तुझ्या अंगणात टाकते. पडला बर्फ, मिटली कटकट."

हे म्हणाले, "पडला पाहिजे. पाडलेला चालणार नाही."

मला हसू आलं. मग रागही आला. म्हणजे या माणसाने विचार केलाय यावर! काय चालेल, काय चालणार नाही, सगळं मनात मांडून बसलाय. आणि मला वाटत होतं, विसरलेत.

१० जानेवारी, गुरुवार

पहाटे नळ गोठला. उकळतं पाणी ओतलं तेव्हा कुठे दोन थेंब आले. अशी थंडी मी जन्मात बघितली नाही. सबाहने कबुतरांच्या पेट्यांवर आपल्या बायकोची घोंगडी टाकलीय, आणि ती खालून शिव्या घालतेय.

गझवान आला. आज इस्रा आणि तीबाही होत्या. माझी नात तीबा दोन वर्षांची. तिने सरळ पाय उचलला आणि उंबऱ्याच्या आत ठेवला. गझवानने झटकन मागे ओढली तिला. मी म्हटलं, "अरे, शपथ तुझ्यावर आहे, तिच्यावर नाही!" तर म्हणतो, "सवय झालीय, यम्मा." इस्राला मी नेहमीसारखं म्हटलं, तू तरी ये आत, चहा घे. तिचं नेहमीचं उत्तर — "हा बाहेर थंडीत उभा आणि मी आत चहा पिऊ?" तिचं खरंय. मीही तेच म्हटलं असतं.

तीबाने माझ्या हातातला खजुराचा कुलीचा घेतला, अर्धा खाल्ला, अर्धा मला परत भरवला. आतून यांचा खोकला ऐकू आला. खोकला नाहीये यांना. तीबाने विचारलं, "आत कोण?" गझवान म्हणाला, "आजोबा." ती म्हणाली, "आजोबा, बाहेर या!"

कोणी बाहेर आलं नाही.

आता एकच गुरुवार उरला.

११ जानेवारी, शुक्रवार

घरातली सगळी कामं पडलीत. पण लिहिणारच.

सकाळी साडेसात. हे न्हाणीत. शुक्रवारचं स्नान म्हणजे तासभर निश्चिंती. मी भाकऱ्या शेकत होते. वरून सबाह ओरडला, "उम्म गझवान! बाहेर या! पांढरं पडतंय!"

मी लक्षच दिलं नाही. कबुतरबाजाचा शब्द! दुसऱ्याचं कबूतर आपल्या गच्चीवर उतरवतात आणि देवाची शपथ घेऊन माझंच म्हणतात. कोर्टातसुद्धा कबुतरबाजांची साक्ष घेत नाहीत म्हणतात. मी म्हटलं, पिसं झडली असतील.

"पिसं नाहीत! अहो, बर्फ! बर्फ!"

गेले अंगणात. आणि काय सांगू! वरून भुरुभुरु, हळूहळू, मोठे मोठे पांढरे पुंजके. आवाज नाही, काही नाही. एक माझ्या बाहीवर बसला. मी बघितला. क्षणभर तसाच राहिला, मग पाणी झालं. दुसरा बसला.

मला आधी रडू आलं नाही, काही नाही. आधी एकच मनात आलं — थांबेल! आत्ता थांबेल, आणि हे न्हाणीत! स्वतः बघितलं नाही तर म्हणतील, कापूस होता, राख होती, सबाहची पिसं होती!

धावत गेले आणि न्हाणीचं दार बडवलं.

"बाहेर या!"

"कोण गेलं?" हे आतून ओरडले. गेली दोन वर्षं आमच्याकडे कुणी दार बडवलं की पहिला प्रश्न हाच.

"कोणी गेलं नाही! बर्फ पडतोय!"

आत पाण्याचा आवाज थांबला. मग एकदम हळू आवाजात, "खरंच?"

"खोटं कशाला बोलू? या ना लवकर! थांबेल!"

"डोक्याला साबण आहे."

"असू दे साबण!"

दार उघडलं. डोक्यावर साबण, अंगात उलटा घातलेला झगा, खांद्यावर टॉवेल, पाय अनवाणी. बासष्ट वर्षांचा माणूस, दोन वर्षांपूर्वी न्यूमोनिया झालेला! एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. आज दंडाला धरून अंगणात ओढत नेलं.

पडत होता. आणखी जोरात पडत होता. जनरेटरच्या झाकणावर पातळ पांढरा थर धरला होता. हे तिथे उभे राहिले. मान वर केली. चष्मा नव्हता, डोळे बारीक करून बघत होते. साबणावर बर्फ, बर्फावर साबण. वर गच्चीवरून सबाह ओरडतोय, "अबू गझवान, बघितलंत ना? मी साक्षीदार! शपथेलाही मी होतो आणि बर्फालाही मीच!"

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग यांनी हात पुढे केला, तळव्यावर एक पुंजका घेतला आणि बघत राहिले. पाणी झालं तरी बघतच राहिले.

मग म्हणाले, "फोन लाव."

कुणाला, ते विचारलं नाही मी.

त्याच दिवशी, संध्याकाळ

मघाशी अर्धंच राहिलं.

फोन लागेना. सगळं शहर एकमेकांना फोन करत होतं, दुसरं काय! पन्नास वेळा लावला असेल. नऊ वाजता लागला. मी म्हटलं, "गझवान, बाहेर बघ." तो म्हणाला, "बघतोय, यम्मा. आठपासून खिडकीत उभा आहे. तुझ्याच फोनची वाट बघत होतो." मी म्हटलं, "बापाने बोलावलंय." मागे इस्रा विचारत होती, काय झालं, काय झालं, कोण गेलं?

पण शुक्रवार! अकरापासून तीनपर्यंत गाड्या बंद. तो राहतो त्या झय्यूनाहून इथे यायचं म्हणजे मध्ये पाच चौक्या, आणि शेवटी अमेरिकनांनी वस्तीभोवती बांधलेली आमची ती काँक्रीटची भिंत, तिला एकच वाट. मी म्हटलं, तीननंतर ये. हे मागून म्हणाले, "आत्ता ये म्हणावं." इतकी वर्षं थांबवला, आता सहा तास दम निघेना!

तोवर बर्फ थांबला होता. साडेनऊला नुसता पाऊस. अंगणात सगळं पाणी पाणी. जनरेटरवरचंही वितळलं. मी घरात इकडून तिकडे नुसती फिरत होते. काल पातेलंभर डोल्मा बाहेर देऊन बसले आणि आज घरात साध्या डाळीशिवाय काही नाही! हे स्वतः जाऊन सामूनच्या रोट्या घेऊन आले, सोळा. आम्ही माणसं किती, सोळा सामून कशाला? नानबाईकडे सगळी गल्ली जमली होती म्हणे, प्रत्येक जण बर्फाचंच बोलत होता. एकाने यांना विचारलं, "अबू गझवान, आता पोराला घेणार ना घरात?" हे म्हणाले, "तुला काय करायचंय?" सगळ्यांना माहीत होती ती शपथ. अख्ख्या गल्लीला!

पावणेअकराला आले. गाडी भिंतीबाहेर सोडून, पावसात चालत. गझवानच्या कडेवर तीबा, इस्राच्या हातात माझंच पातेलं — डोल्मा परत आणला होता, अर्धा उरलेला! फाटकापर्यंत आला आणि थांबला. नेहमीच्या जागी. फरशीचा तो तुकडा त्याच्या पायांनी गुळगुळीत झालाय. पाय उचलेना त्याचा.

हे अंगणात उभे. दोघं एकमेकांकडे बघतायत. साडेतीन वर्षांत गझवानचे केस मागे गेलेत, ते यांनी आज पहिल्यांदा बघितलं असणार.

मग हे म्हणाले, "आत ये आणि दार लाव. थंडी येतेय."

आला! आत आला! मी दार लावलं. कडी लावली. परत उघडून बघितली नीट लागलीय का. मग मात्र मला आवरेना. तिथेच दाराला टेकून बसले आणि रडले. इस्रा म्हणाली, "यम्मा, जमीन ओली आहे." असू दे म्हटलं ओली!

यांनी तीबाला हातात घेतलं. ती म्हणाली, "आजोबा बाहेर आले."

उरलेला डोल्मा सगळ्यांनी मिळून खाल्ला. गझवान त्याच्या जुन्या जागी, खिडकीशी. अकरानंतर वाट बंदच झाली, म्हणजे आज तरी जाणार नाहीत. हे म्हणाले, "आता एकोणीसपर्यंत इथेच राहा. तिकडे जाऊन काय करायचंय?"

मला आज कोणाचंच वाईट वाटत नाहीये. भिंतीचंसुद्धा नाही.

१२ जानेवारी, शनिवार

सकाळी कुणालाच फोन केला नाही. नुसती दारातून डोकावले. तिघंही गाढ झोपलेली.

१३ जानेवारी, रविवार

बद्रियाने घोटाळा केला.

आली, गझवानला कवटाळून रडली, तीबाला मिठाई दिली, सगळं झालं. मग माझ्याबरोबर स्वयंपाकघरात आली आणि हळूच म्हणते, "अगं, पण तो बर्फच होता ना?"

"म्हणजे?"

"माझ्या गल्लीत तर नुसतं पाणी पडत होतं. थोडं पांढरट असेल. जमिनीवर टेकलाच नाही. टेकला नाही तर पडला कसा म्हणायचा?"

मी म्हटलं, जनरेटरवर साठला होता, मी बघितला. तर म्हणते, "तू बघितलास, तुझाच मुलगा. दुसरा सबाह, कबुतरबाज. साक्षीदार तरी कसले!"

"आणि तुझ्या भावाने बघितला त्याचं काय?"

"चष्म्याशिवाय? डोळ्यांत साबण घेऊन?"

"टीव्हीवर सांगितलं, हाज्जा! शंभर वर्षांत पहिल्यांदा!"

"टीव्ही काय काय सांगतो!" मग माझा चेहरा बघून म्हणाली, "जाऊ दे, मी आपलं मनात आलं ते बोलले." आपलं मनात आलं ते! चूल पेटवायची आणि पदार्थ दुसऱ्याने सांभाळायचा.

आता माझ्या डोक्यात किडा. तो बर्फ नसेल तर? तर परवापासून मी या माणसाची बायको नाही! आणि त्याच्या शेजारी घोरत पडलेय!

१४ जानेवारी, सोमवार

काल तीबाच्या शेजारी झोपले. सकाळी यांच्यासमोर डोक्याला रुमाल बांधून गेले.

"हे काय?"

"तुम्ही परपुरुष असाल तर? नक्की कळेपर्यंत."

छत्तीस वर्षांचा संसार! हे माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "वेड लागलंय तुला. काही झालेलं नाही."

"तुम्ही काय मुफ्ती आहात? मी शेखना विचारणार आहे."

यांचा चहा घशात अडकला. "शेखना कशाला? या थंडीत? काही गरज नाही."

माझं ठरलंय.

१५ जानेवारी, मंगळवार

इस्रा सकाळपासून मला रुमालावरून चिडवतेय. "यम्मा, तुमच्यासाठी स्थळ बघू का?" सून अशी असावी. साडेतीन वर्षं फुकट घालवली मी हिच्याशिवाय.

१६ जानेवारी, बुधवार

वीज गेली. जनरेटर सुरू होईना. एरवी मीच त्याची दोरी ओढते. यांनी आजवर त्या यंत्राला बोट लावलेलं नाही. गारठून मरतील पण हात लावणार नाहीत. आज गझवान खाली बसून खोलत होता आणि हे बाजूला उभे, हातात कंदील. थोड्या वेळाने बघते तर हेही उकिडवे बसलेत, बाह्या वर, हात काळे.

मी खिडकीतून ऐकत होते. ऐकायचं नव्हतं असं नाही.

हे म्हणाले, "ती कुणाकडे आहे आता?"

गझवानला कळलं. "एका सामूनवाल्याकडे, बाबा. पिठाची पोती वाहतो. अधूनमधून दिसते मला."

"ऑइल बदलतो का वेळच्या वेळी?"

"विचारलं होतं मी. बदलतो म्हणाला."

"दार?"

"एक बदललंय. निळं आहे."

हे तोच एक स्क्रू घट्ट करत राहिले. निळं दार पचवत असणार. मग म्हणाले, "तुझ्या आईनेच हो म्हटलं असेल. तुझ्या एकट्याच्या डोक्यात एवढं येणार नाही."

माझ्या हातातून चमचा पडला. गझवान नुसता हसला. आणि हेही हसले! मग यांनी स्वतः दोरी ओढली. तिसऱ्या वेळी सुरू झाला. दिवे आले, तीबाने टाळ्या वाजवल्या.

म्हणजे माहीत होतं! मी इतकी वर्षं जीव मुठीत धरून लपवलं, आणि यांना ठाऊक! मोठं ओझं उतरलं. पण मेल्या मनाला अजून एक ओझं आहेच. रुमाल सोडला नाही.

१७ जानेवारी, गुरुवार

मशिदीत गेले. शेख गावाला, शनिवारी येतात. आज गुरुवार — आणि फाटकात कुणालाही उभं राहावं लागलं नाही.

१९ जानेवारी, शनिवार

गेले.

पहाटे पाच. गल्लीच्या तोंडापर्यंत आम्ही दोघं गेलो. कुलीचाचा डबा दिला, उकडलेली अंडी, लोणचं, तीबासाठी माझी लोकरी शाल. गझवानने माझ्या हाताचं चुंबन घेतलं, मग यांच्या. यांनी त्याचं डोकं धरून कपाळाचं घेतलं आणि म्हणाले, "चौकीवर उद्धटपणे बोलू नकोस." एवढंच. रात्रभर काय बोलायचं ते ठरवत कूस बदलत असणार, आणि निघालं हे!

गाडी हलली तशी मी मागे तांब्याभर पाणी ओतलं, परत यावेत म्हणून. इतकी थंडी की सबाहची बायको ओरडली, "उम्म गझवान, गोठेल ते! कुणीतरी घसरून पडेल!" पडू दे. मी दुसरा तांब्या ओतला.

वाटलं होतं, कोसळेन. नाही कोसळले. घरी आल्यावर त्यांच्या खोलीत गेले, पांघरुणं घडी केली नाहीत, तशीच ठेवली. आठ दिवस! या घरात जेवला, झोपला, बापाशी भांडला, तिन्ही वेळा जास्त वाढलं म्हणून माझ्यावर ओरडला. आठ दिवस मला पुरतील. नाही पुरले तर बघू.

दुपारी फोन. सरहद्दीवरची वलीदची चौकी पार झाली. तिघं सुखरूप. हे ऐकून यांनी पहिल्यांदा दिवसभरात काही खाल्लं.

२० जानेवारी, रविवार

शेख भेटले. मी सगळं सांगितलं — शपथ, बर्फ, साबण, बद्रिया. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "पण उम्म गझवान, कोणती शपथ? ती तर त्याच आठवड्यात सुटली. पोटाचे टाके ओले असताना अबू गझवान माझ्याकडे आले होते. पश्चात्ताप झाला म्हणाले. मी सांगितलं, दहा गरिबांना जेवू घाला. माझ्या डोळ्यांसमोर घातलं."

मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलं?"

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाले, तिने एकदा विचारू दे, लगेच सांगतो."

साडेतीन वर्षं. मी विचारलंच नाही.

भांडायचं ठरवून घरी आले. हे शेगडीशी बसले होते, एकटे, तीबाचा एक मोजा गुडघ्यावर ठेवून. रुमाल काढला. शेजारी बसले. म्हटलं, "आपण कधी जायचं त्यांच्याकडे?"

हे म्हणाले, "मला वाटलं, हेही तू विचारणार नाहीस."